देरा : प्रदूषण, आरोग्यखर्च आणि आर्थिक वाढ

संयुक्त अरब अमिरातींतील दुबई शहराचा खाडीच्या पूर्वेकडील जुना व्यापारी भाग. सोने बाजार, मसाला बाजार, नाइफ व मुर्शिद बाजार या त्यातल्या गजबजलेल्या पेठा. दुबई तेलावर उभी राहिली असा सर्वसाधारण समज आहे. पण तेथे तेल सापडले १९६६ मध्ये. खाडीतला गाळ उपसून मोठी गलबते आत आणण्याचे काम त्याआधीच कर्ज काढून झाले होते आणि देराला लागून असलेला विमानतळही १९६० चा. देराची वाढ माल आणि माणसांच्या वाहतुकीतून झाली. तेथील प्रदूषणाचा मोठा वाटाही त्याच वाहतुकीचा आहे.

खाडीच्या धक्क्यावर टायर, फ्रिज, तांदळाची पोती यांचे ढीग रचलेले असतात आणि डिझेलवर चालणारी लाकडी गलबते ते इराण, सोमालियाकडे नेतात. मागच्या रस्त्यावर वाहनांची रांग, वर विमाने. दुबई विमानतळावरून २०२४ मध्ये ९.२३ कोटी प्रवाशांनी ये-जा केली. अमिरातींच्या हवेतील अडीच मायक्रॉनहून बारीक कणांची वार्षिक सरासरी गेल्या दशकातील अंदाजांनुसार घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस ५ ची. यात वाळवंटी धुळीचा वाटा मोठा आहे, हे खरे. मात्र धूळ आणणाऱ्या शमाल वाऱ्याकडे बोट दाखवून गाड्यांचा धूर झाकता येत नाही.

घरातली हवा हा वेगळा विषय, आणि देरात तो अधिक महत्त्वाचा. रिग्गा, मुरक्कबात भागांत एका खोलीत प्लायवूडचे आडोसे घालून ‘बेडस्पेस’, म्हणजे पलंगापुरती जागा, भाड्याने दिली जाते. आडोशांमुळे हवा खेळत नाही, एसी सगळ्यांना मिळून एकच आणि स्वयंपाकही तेथेच. जून २०२५ मध्ये नगरपालिकेने अशा बेकायदा आडोशांविरुद्ध मोहीम काढली. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेल्या हिशोबात, अमिरातींत २००८ मध्ये बाहेरच्या हवेमुळे सुमारे ६५० मृत्यू झाले असावेत आणि घरातली हवा दुसऱ्या क्रमांकाचे कारण होती. अंदाजाची व्याप्ती मात्र फार मोठी होती.

देरात मक्तूम रुग्णालय १९५१ मध्ये आणि दुबई रुग्णालय १९८३ मध्ये सुरू झाले. उपचारांचा खर्च कोणी करायचा, याचे उत्तर २०१३ च्या ११ क्रमांकाच्या कायद्याने बदलले : नोकरी देणाऱ्याने कामगाराचा विमा उतरवायचा आणि हप्ता पगारातून कापायचा नाही. महिना ४,००० दिरहॅमपेक्षा कमी पगार असलेल्यांसाठी ठरवलेल्या मूळ योजनेत वर्षाला दीड लाख दिरहॅमपर्यंतचे उपचार येतात; तपासणी आणि औषधांच्या खर्चातला काही वाटा रुग्णाने स्वतः भरायचा असतो. महिनाअखेरीस खोकल्यासाठी दवाखान्याची पायरी चढायची की नाही, हे अनेकदा त्या वाट्यावर ठरते.

उत्पन्न वाढले की आरोग्यखर्च वाढतो, हे जुने निरीक्षण आहे. परेश व सीमा नारायण यांनी २००८ मध्ये आठ प्रगत देशांच्या आकड्यांवरून दाखवले, की उत्पन्नाबरोबर गंधकाच्या ऑक्साइडांचे व कार्बन मोनॉक्साइडचे उत्सर्जनही तो खर्च वाढवते. जागतिक बँकेने सूक्ष्म कणांच्या प्रदूषणाची २०१९ मधील आरोग्यहानी जागतिक उत्पन्नाच्या ६.१ टक्के धरली आहे. आरोग्यखर्चावरून प्रदूषणाची झळ मोजण्याची रीत देराला सरळ लावली तर फसगत होते. येथील वस्ती मुख्यतः कामाच्या वयातल्या परदेशी पुरुषांची. निवासपरवान्यासाठी त्यांची वैद्यकीय तपासणी होते आणि नोकरी गेली की बहुधा परवानाही जातो. दमा किंवा हृदयविकार जडलेला माणूस उतारवयात रत्नागिरीला किंवा केरळात परततो. धूर देराचा आणि औषधांचे बिल गावाकडच्या कुटुंबाचे, असा हा हिशोब आहे. म्हणून दुबईचा आरोग्यखर्च कमी दिसला तरी प्रदूषणाची झळ कमी आहे, असा अर्थ काढणे चूक ठरेल. शिवाय राष्ट्रीय उत्पन्नात दवाखान्याचे बिलही ‘वाढ’ म्हणूनच धरले जाते.

उपायांत रस्त्यावरील ‘सालिक’ टोल (२००७) आणि देरातून जाणाऱ्या मेट्रोच्या लाल (२००९) व हिरव्या (२०११) मार्गिका महत्त्वाच्या. खाडीच्या टोकाशी अल अवीर केंद्रातले प्रक्रिया केलेले सांडपाणी येते व पाणी साचून राहते. २०१६ च्या कालव्याने खाडीला समुद्राकडे दुसरी वाट मिळाली. एप्रिल २०२४ मधील घोषणेनुसार दुबई विमानतळाचे सर्व कामकाज सुमारे दहा वर्षांत शहराच्या दक्षिणेकडील अल मक्तूम विमानतळावर हलवले जाणार आहे.