चाकांमधील अंतर आणि वाऱ्याचा भार

ज्येष्ठाच्या वद्य पक्षांत माउलींची पालखी आळंदीहून पुण्यास येते, तेव्हां विश्रांतवाडीचा रस्ता वारकऱ्यांनीं फुलून जातो. बैलांच्या त्या रथास वेगाचें कांहीं अगत्य नाहीं. पण याच जिल्ह्यांतील जत्रांत घाटावर धांवणारा शर्यतीचा बैलगाडा आम्हीं पाहिला, तेव्हां हलकेपणा हाच त्याचा सारा विचार आहे, हें ध्यानांत आलें. त्यास आंस एकच. म्हणून पुढील व मागील आंसांत अंतर किती असावें, हा प्रश्न तेथें उद्भवतच नाहीं. शर्यतीच्या मोटारीस मात्र तो आरंभापासून छळीत आला आहे.

हें अंतर वाढविलें, कीं गाडी सरळ वाटेवर स्थिर राहते, व ब्रेक दाबतांच पुढील चाकांवर झेपावणारा भार कमी होतो. घटविलें, कीं तीच गाडी वळणावर चपळ होते. दोन्ही गुण एकत्र लाभत नाहींत.

त्यांत वाऱ्याची भर पडली. पूर्वीं वारा केवळ शत्रु. त्यास चुकविण्यासाठीं गाडीस निमुळता आकार देत. १९६६ सालीं जिम हॉल या अमेरिकन गृहस्थानें आपल्या ‘चॅपरल’ गाडीवर उंच खांबांच्या आधारें पंख बसविला. विमानाचा पंख उलटा धरावा, म्हणजे वारा गाडीस उचलण्याऐवजीं खालीं दाबतो. वजन न वाढतां चाकांची पकड वाढते. युक्ति खरोखर सुंदर! दोन वर्षांत फॉर्म्युला वनच्या गाड्यांनीं ती उचलली. परंतु १९६९ सालीं बार्सिलोना येथें ग्रॅहम हिल व योखेन रिंट या दोघांच्या लोटस गाड्यांचे पंख एकाच शर्यतींत मोडले, आणि रिंटची गाडी हिलच्या मोडक्या गाडीवर जाऊन आदळली. पुढच्याच मोनॅकोच्या शर्यतीच्या वेळीं उंच पंखांस बंदी झाली. रिंटनें स्वतः पंखांविरुद्ध उघड पत्र लिहिलें होतें. पुढील वर्षीं मोंझा येथें सरळ वाटेवर अधिक वेग मिळावा म्हणून पंख काढलेल्या गाडींत तो सरावास उतरला, आणि ब्रेकचा दांडा तुटून प्राणास मुकला. त्या वर्षाचें विजेतेपद त्यास मरणोत्तर मिळालें. पंख असावा कीं नसावा, याचा निवाडा त्याच्या कथेवरून तरी आम्हांस करवत नाहीं.

पुढें कॉलिन चॅपमनच्या मंडळींनीं वाऱ्यास गाडीच्या पोटाखालीं वाट करून दिली. खालील हवा वेगानें धांवली, कीं तिचा दाब घटतो व गाडी जमिनीस जणूं चिकटते. १९७८ सालीं मारिओ आंद्रेत्ती याच बळावर जगज्जेता झाला. १९८३ पासून सपाट तळाची सक्ति झाली; २०२२ सालीं तळाचे बोगदे परतले, तेव्हां सरळ वाटेवर गाड्या उधळल्या घोड्यांप्रमाणें उसळूं लागल्या.

तळ लांब, तर वाऱ्यास कामाला जागा अधिक. म्हणून आंसांमधील अंतरहि वाढत गेलें. २०१७ सालीं मर्सिडीजनें फेरारीहून लांब गाडी काढली. २०२२ च्या नियमांनीं या अंतरास ३६०० मिलिमीटरांची मर्यादा घातली. २०२६ साठीं ती ३४०० वर आणली. घट वीतभरहि नव्हे, पण तिच्यापायीं सारी गाडी नव्यानें आंखावी लागली.