डाइव्हकिक: दोन बटणांची थट्टा

फायटिंग गेम म्हणजे आधी लांबलचक कॉम्बो पाठ करा, मग मार खा. २०१३ साली आलेल्या ‘डाइव्हकिक’ने याचीच थट्टा केली. बटणं फक्त दोन. एकाने उडी, दुसऱ्याने हवेतून लाथ. जमिनीवर तेच दाबलं तर मागे उडी. चालणं नाहीच. एक लाथ लागली की राउंड खल्लास!

मुरलेले खेळाडू हसले, कारण टोमणे त्यांच्याच दुनियेतले होते. नवख्यांना टोमणे कळले नाहीत, पण खेळ लगेच जमला. मग मुरलेल्यांच्याही लक्षात आलं: कॉम्बो गेले, तरी अंतराचा अंदाज आणि समोरच्याची चाल ओळखणं उरलंच. फायटिंगचा खरा गाभा तोच ना? आणि तो या गमतीतल्या गेमने पहिल्याच दिवशी नवख्याच्याही हातात दिला.