मिशनची शाळा आणि आपली लेक

आमच्या बचत गटात एकीनं विचारलं, “आम्ही देवधर्म मानत नाही. मग लेकीला मिशनच्या शाळेत घालावं का?”

आम्हाला जोतीराव फुले आठवले. वडिलांनी, गोविंदरावांनी, त्यांची शाळा सोडवली होती. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेबांनी समजावलं, तेव्हा १८४१ मध्ये पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत घातलं. जोतीराव तिथं शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला.

आज तर संविधानाचं कलम २८ आपल्या पाठीशी आहे. सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलांवर धर्मशिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. म्हणून नाव घालतानाच हे विचारून घेऊ. शाळा कुणाचीही असो, हो-नाही म्हणायचा हक्क आपला.