रूनांकित चामडी भाता

बाण ठेवण्यासाठी कमरेला किंवा पाठीला अडकवायचा, गिऱ्हाइकाच्या मापाने शिवलेला आणि उत्तर युरोपातील रूनलिपीची अक्षरे कोरलेला चामड्याचा भाता. पारंपरिक धनुर्विद्येचे हौशी, व्हायकिंग काळ हुबेहूब उभा करणारी पथके आणि अद्भुतरम्य खेळांचे चाहते ही त्याची मुख्य गिऱ्हाइके. बाजारात तो ‘व्हायकिंग भाता’ म्हणून खपतो. त्याचे चामडे आणि शिवण खरोखरच जुन्या वळणाची असते; अक्षरे मात्र बहुधा चुकीच्या शतकातली.

व्हायकिंग काळ ढोबळमानाने इ. स. ७९३ ते १०६६ असा धरतात. २४ अक्षरांची जुनी रूनमाला त्याच्या कितीतरी आधीची आहे. डेन्मार्कमधील विमोसे दलदलीत सापडलेल्या कंगव्यावरील तिची अक्षरे इ. स. १६०च्या सुमाराची, तर सगळी माला क्रमाने कोरलेली गॉटलंड बेटावरील किल्व्हर शिळा सुमारे ४००ची. आठव्या शतकात ही माला मागे पडली आणि व्हायकिंगांच्या हाती आली ती अवघ्या १६ अक्षरांची नवी माला. स्वीडनमधील प्रसिद्ध र्यॉक शिळा याच नव्या मालेत आहे. आजचा भातेकार तरीही २४ अक्षरांचीच माला उचलतो, कारण तीत जवळजवळ प्रत्येक ध्वनीला स्वतंत्र चिन्ह मिळते. १६ अक्षरांत ‘क’ आणि ‘ग’ एकाच चिन्हावर भागवावे लागतात. ‘त’ आणि ‘द’, ‘उ’ आणि ‘ओ’ यांचेही तसेच. येलिंगच्या शिळेवर राजा हाराल्डने आपल्या बापाचे, गोर्मचे, नाव कोरवून घेतले ते ‘कुर्म’ असे. राजाला ते चालले. पैसे मोजून स्वतःचे नाव कोरून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला चालेलच असे नाही.

कारागिरीच्या दृष्टीने मात्र रूनलिपी आणि चामडे यांचे उत्तम जमते. ही अक्षरे मुळात लाकडावर कोरण्यासाठी घडली. आडवी रेघ लाकडाच्या रेषांत हरवते, म्हणून उभ्या आणि तिरक्या रेघांवरच सारा भर. गोलाई अगदी कमी. चामड्यावर सुरी चालवणाऱ्या नवशिक्याला सर्वांत जास्त छळते ती गोलाईच.

भात्यासाठी साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे, झाडांच्या साली वापरून कमावलेले गाईबैलाचे कातडे लागते. युरोपात त्यासाठी ओकची साल वापरत. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, ते याच जातकुळीतले. क्रोम क्षारांनी कमावलेले कातडे मऊ आणि टिकाऊ असते, पण त्यावर उठवलेली नक्षी पुसट होत जाते.

मापे आधी घेतली जातात. बाण सर्वसाधारणपणे ७० ते ८० सेंटिमीटर लांबीचे असतात. पाठीवरचा भाता ५० ते ५५ सेंटिमीटर ठेवला, तर पिसे बाहेर राहतात आणि हाताला लागतात. डझनभर बाणांसाठी तोंडाचा व्यास १० ते १२ सेंटिमीटर पुरतो. धनुर्धर उजवा की डावखुरा, यावर पट्ट्याची जागा ठरते. रापीने तुकडे कापून झाले की नक्षीचे चामडे ओल्या स्पंजाने पुसतात आणि त्याचा मूळ रंग परतू लागेपर्यंत थांबतात. फार ओल्या चामड्यात रेघ मिटून जाते, फार कोरड्यात ती फाटते. नेमकी ओल साधली की फिरत्या पात्याच्या सुरीने अक्षराची रेघ निम्म्या जाडीपेक्षा कमी खोल कापायची आणि तिच्या कडेने ठसा ठेवून मोगरीने ठोकत कडा दाबायची. अक्षर उठून दिसते ते या दाबामुळे.

कोरणे सपाट तुकड्यावरच उरकावे लागते, कारण नळी शिवल्यावर आत टेकू देता येत नाही. त्यामुळे शिवण कुठे येणार, पट्टा कुठे अडकणार, भाता कमरेवर किती तिरका लटकणार, हे सगळे आधी मनात मांडावे लागते. नाही तर अर्धे नाव पाठीमागे जाते.

रंग दिल्यावर गडद लेप चोळून पुसला की तो कोरलेल्या रेघांत साठून राहतो. मग आरीने चार-पाच मिलिमीटरवर भोके पाडून मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने, दोन सुया समोरासमोरून घालत खोगिराची शिवण घालतात. या शिवणीत एक दोरा तुटला तरी दुसरा टाका धरून ठेवतो. यंत्राच्या शिवणीत ती सोय नाही. तळाशी दुहेरी चामड्याची चकती आणि तिच्यावर मेंढीच्या लोकरी कातड्याचा तुकडा बसवतात, नाही तर बाणांची टोके तळ फोडतात.

शस्त्रांवर रून कोरण्याची चाल मात्र अस्सल आहे. डेन्मार्कमधील इलेरुप येथे भाल्यांच्या पात्यांवर, तर निदामच्या दलदलीत बाणांच्या काड्यांवरही ती सापडली. धनुर्विद्येचे महत्त्वही मोठे होते. नॉर्वेच्या गुलाथिंग कायद्यानुसार युद्धनौकेत वल्हेकऱ्यांच्या प्रत्येक बाकामागे एक धनुष्य आणि दोन डझन बाण असणे बंधनकारक होते. हेडेबी या व्यापारी बंदरात यू वृक्षाच्या लाकडाचे सुमारे १.९ मीटर लांबीचे धनुष्य मिळाले आणि भात्याचे चामडी अवशेषही. बायो येथील अकराव्या शतकातील भरतकामात धनुर्धरांच्या कमरेला भाते दिसतात. पाठीवरच्या भात्याची आजची मोहिनी पुष्कळशी सिनेमाची देणगी आहे. १९३८च्या रॉबिन हूड चित्रपटात हॉवर्ड हिल या तिरंदाजाने बाण मारून दाखवले, तेव्हापासून ती ओसरलेली नाही.

कोणती चिन्हे निवडावीत, हा नाजूक भाग. बाणासारखे दिसणारे, तीर नावाच्या नॉर्स देवाचे ‘तीवाझ’ आणि यू वृक्षाचे ‘एइवाझ’ ही भात्यावर शोभतात. धनुष्ये यूचीच असत. होकायंत्रासारखे ‘वेग्विसिर’ चिन्ह सर्रास मागितले जाते, पण ते रून नव्हे आणि व्हायकिंगही नव्हे. ते १८६०मधील एका आइसलँडी हस्तलिखितातून आले आहे. ऑस्ट्रियाच्या गिडो फॉन लिस्टने १९०८ साली प्रसिद्ध केलेली १८ ‘रून’ही त्याची स्वतःचीच रचना होती. पुढे नाझींनी ‘स’चे ‘सोविलो’ हे अक्षर दुहेरी करून एसएसचे बोधचिन्ह बनवले. जर्मनीत त्याच्या जाहीर वापरावर आजही बंदी आहे. त्यामुळे नावात लागोपाठ दोन ‘स’ आले, तर जाणता कारागीर एकच कोरतो किंवा मांडणी बदलतो.

२०१३मध्ये सुरू झालेल्या ‘व्हायकिंग्ज’ मालिकेने अशा नक्षीकामाची हौस वाढवली. इतिहासाबाबत काटेकोर असलेली पथके मात्र हेडेबीच्या वळणाचा, कमरेला बांधायचा, बिनअक्षरांचा साधा भाताच पसंत करतात.