फोन्तेन्यश : झऱ्याकाठची वस्ती

पणजी शहराच्या पूर्वेस, आल्तिन्हो टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत फोन्तेन्यश ही जुनी वस्ती आहे. पोर्तुगीज भाषेत या नावाचा अर्थ 'लहान झरे'. शेजारच्या मळा भागातील फेनिक्स झरा या नावाची साक्ष देतो. ओपाचे पाणी नळाने येण्यापूर्वी शहराची तहान असे झरे आणि विहिरीच भागवीत.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे नारळाची बाग होती. तिचे धनी आंतोनियो जुआंव द सिकेरा यांनी मोझांबिकमध्ये संपत्ती मिळविली, म्हणून लोक त्यांना 'मोस्मिकार' म्हणत. बागेची वस्ती झाली ती राजधानीच्या स्थलांतरामुळे. रोगराईने जुने गोवे ओसाड पडत गेले. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीस राहावयास आले. पुढे मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु यांनी १८३५ पर्यंतच्या आपल्या कारकीर्दीत दलदल बुजवून रस्ते आखले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

त्याच अठराव्या शतकात, १७८१ मध्ये डिचोली आणि १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीज अमलाखाली आले. तेथील घर प्रशस्त आवारात, अंगणातील तुळशीवृंदावनामागे उभे असते. फोन्तेन्यशमध्ये जागा थोडी. म्हणून भिंतीस भिंत लागलेली, दार थेट गल्लीत उघडणारी घरे झाली. पावसाळा सरला की त्यांना पिवळा, निळा, तांबडा रंग चढे. दारापुढील बैठकीवर शेजार जमे. बेकरी आणि टपाल कचेरी पायी जाण्याच्या अंतरावर असे.

येथील सेंट सेबास्तियन कपेलातील क्रूस मूळचा जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यातला. १८१२ मध्ये इन्क्विझिशन संपुष्टात आले. १९१८ मध्ये तो क्रूस या कपेलात आला. वर टेकडीवर मारुतीचे मंदिर आहे आणि त्याच्या जत्रेस मळ्याचे रस्ते फुलून जातात. एकाच टेकडीच्या छायेत ही दोन्ही श्रद्धास्थाने नांदत आहेत.

आज काही घरांची अतिथिगृहे झाली आहेत, आणि छायाचित्रांसाठी होणाऱ्या गर्दीला कंटाळून काही दारांवर मनाईच्या पाट्या लागल्या आहेत. वास्तूंचे रंग राखणे अवघड नाही. अवघड आहे ती राहती वस्ती राखणे. ज्या गल्लीत संध्याकाळी दिवा लावणारे कुटुंब उरत नाही, तिची शोभा केवळ देखाव्यापुरती राहते. जुन्या वस्तीचे जतन म्हणजे प्रथम तेथील रहिवाशांचे जतन होय.