संगणकातील बीजपेरणीचा इतिहास

संगणक हे नियमाने बांधलेले यंत्र असून आरंभस्थिती आणि सूचना तीच दिली, तर ते दर वेळी तेच उत्तर देते. म्हणून ज्या संख्येचा कोणालाही अंदाज करता येणार नाही अशी, म्हणजे यादृच्छिक, संख्या त्याच्याकडून मिळवणे ही जात्याच अवघड गोष्ट आहे. यावर रूढ झालेला उपाय असा, की एक आरंभीची संख्या बाहेरून पुरवायची आणि तिच्यापासून ठरावीक गणिती रीतीने हवी तेवढी लांब मालिका वाढवायची. या आरंभीच्या संख्येला बीज म्हणतात. वाढवण्याची रीत सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे गुप्ततेचा सारा भार या बीजावर पडतो, आणि ते ज्याच्या हाती लागले त्याला पुढची प्रत्येक संख्या जशीच्या तशी काढता येते.

आरंभीच्या काळात हा भार कोणाला जाणवण्याचे कारण नव्हते. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४० च्या दशकात सुचवलेल्या पद्धतीत बीजाचा वर्ग करून त्याचे मधले अंक पुढची संख्या म्हणून घेतले जात. ही मालिका भौतिकशास्त्रातील आकडेमोडीसाठी होती आणि तेच बीज पुन्हा देऊन तीच गणना पडताळता येणे हा तिथे गुणच मानला जाई. कूटशास्त्रात, म्हणजे मजकूर परक्याला वाचता येऊ नये अशा रूपात बदलण्याच्या शास्त्रात, हाच गुण घातक ठरतो. संख्या विखुरलेल्या दिसणे आणि त्या ओळखता न येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि या भेदाची किंमत सॉफ्टवेअरच्या व्यवसायाला वारंवार मोजावी लागली आहे.

तिचा पहिला गाजलेला प्रसंग १९९५ चा आहे. नेटस्केप ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संभाषणासाठी नवी गुप्त किल्ली तयार करीत असे आणि तिचे बीज दिवसातील वेळ व चालू प्रोग्रामला यंत्राने दिलेले क्रमांक यांवरून काढले जाई. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी मूळ लिखाण हाती नसताना प्रोग्राम उलगडून ही रीत शोधून काढली. त्याच यंत्रावर खाते असलेल्या माणसाला ते क्रमांक सहज दिसत आणि सेकंदही कळत असे. मग उरत ते केवळ मायक्रोसेकंद, म्हणजे दहा लाख शक्यता, आणि तेवढ्या तपासून पाहणे त्या काळच्या यंत्रालाही जड नव्हते. किल्लीची लांबी १२८ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे १२८ अंक, असली, तरी तिच्यातील खरी अनिश्चितता जेमतेम २० बिटांची होती. या अनिश्चिततेच्या मापाला एंट्रॉपी म्हणतात.

बीज गोळा करण्याचे काम प्रत्येक प्रोग्रामवर सोडू नये, ते यंत्राची सर्व साधने हाताळणाऱ्या कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, करावे, हा विचार त्याआधीच आकार घेत होता. १९९४ मध्ये थिओडोर त्सो यांनी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी अशी सोय लिहिली. कळा दाबण्यामधील अंतर, माउसची हालचाल, डिस्कच्या प्रतिसादातील सूक्ष्म चढउतार अशा बाह्य घटनांच्या वेळा एका साठ्यात मिसळत ठेवायच्या आणि मागणी येईल तसे त्यातून बीज द्यायचे, अशी तिची रचना होती. या साऱ्या इतिहासातील हे सर्वांत शहाणपणाचे पाऊल होय, कारण जे ज्ञान केवळ यंत्राच्या गाभ्यापाशी असते ते तिथेच वापरले गेले.

तरीही गाभ्यापासून प्रोग्रामपर्यंतची वाट निर्धोक नव्हती. डेबियन या लिनक्स वितरणात सप्टेंबर २००६ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या संचातील दोन ओळी वगळण्यात आल्या, कारण आरंभी मूल्य न दिलेली स्मृती त्या वापरतात असा इशारा चुका शोधणारे साधन देत होते. त्यांतील एक ओळ खरोखरच गौण होती; दुसरी मात्र गोळा केलेले सारे बीज साठ्यात मिसळणारी होती. ती गेल्यावर बीज म्हणून केवळ प्रोग्रामचा क्रमांक उरला, आणि तो सामान्यतः ३२,७६८ च्या आतच असे. ल्युसियानो बेल्लो यांना हा दोष सापडून १३ मे २००८ रोजी तो जाहीर होईपर्यंत वीस महिने लोटले होते. या काळात डेबियनवर आणि त्यावर आधारलेल्या उबंटूवर त्या संचाने घडवलेल्या किल्ल्या बदलाव्या लागल्या, आणि संभाव्य किल्ल्या इतक्या थोड्या होत्या, की निकामी किल्ल्यांच्या याद्याच बनवून वाटता आल्या. एवढा काळ दोष लपून राहिला, कारण त्या किल्ल्या दिसण्यात कुठेच उण्या नव्हत्या. उत्पन्न झालेली संख्या कितीही तपासली, तरी तिचे बीज कसे पडले हे तिच्यावरून कळत नाही.

२०१२ मध्ये नादिया हेनिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरील सार्वजनिक, म्हणजे सर्वांना उघड असलेल्या, किल्ल्या गोळा केल्या, तेव्हा निराळीच उणीव उघड झाली. राउटरसारख्या उपकरणांना कळफलक नसतो, माउस नसतो, बहुधा डिस्कही नसते. ती पहिल्यांदा सुरू होताच, साठा रिकामा असतानाच, किल्ली बनवतात. आरएसए पद्धतीची किल्ली दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून होते. दोन उपकरणांची पहिली मूळ संख्या सारखी आणि दुसरी वेगळी निघाली, की युक्लिडच्या मसावि काढण्याच्या प्राचीन रीतीने दोन्ही गुपिते क्षणात उलगडतात. यानंतर, २०१४ मध्ये, साठा एकदा पुरेसा भरेपर्यंत मागणाऱ्याला थांबवून ठेवणारी ‘गेटरँडम’ ही सोय लिनक्समध्ये आली.

असे थांबवून ठेवण्यातही अडचण होतीच. २०१९ मध्ये डिस्कवाचन कमी करणाऱ्या एका सुधारणेमुळे बाह्य घटना इतक्या घटल्या, की काही यंत्रे सुरू होतानाच अडून बसली. तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी प्रोसेसरच्या कामाच्या वेळेतील सूक्ष्म अनियमितता मोजून साठा भरण्याची तजवीज केली. शेतकरी पुढच्या हंगामासाठी बी राखून ठेवतो, तसे यंत्र बंद होताना पुढच्या आरंभासाठी थोडे बीज डिस्कवर ठेवण्याची पद्धतही चालत आलेली आहे. पण ते एकदा वापरले, की तत्काळ त्यावर नवे लिहावे लागते. आभासी यंत्राची, म्हणजे एका संगणकात चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाची, चालू स्थितीतली नक्कल केली, तर राखलेल्या बीजाबरोबर साठाही दोघांकडे सारखाच येतो. अशी नक्कल झाल्याची खूण ओळखून साठ्यात नवे बीज मिसळण्याची सोय लिनक्सच्या गाभ्यात २०२२ मध्ये झाली.