कवळी विरुद्ध ज्वारीची भाकरी

जॉर्ज वॉशिंग्टनची कवळी लाकडी होती असं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. साफ चूक! १७८९ साली ते राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा तोंडात स्वतःचा एकच दात होता. बाकी पाणघोड्याचे सुळे, माणसांचे दात आणि शिसं असा सगळा मामला. पुढे १८५०च्या दशकात कडक रबर आलं, १९३०च्या दशकात अ‍ॅक्रिलिक. कवळी स्वस्त झाली. आज लातूर-नांदेडला डेंटल कॉलेजंही आहेत.

पण प्लास्टिकने प्रश्न सोडवला तो किमतीचा, चावण्याचा नाही. पूर्ण कवळीचा जोर खऱ्या दातांच्या साधारण पाव. समोरच्या दातांनी तोडायला जावं, तर ती मागून उचकटते. म्हणजे मराठवाड्यातली कडक भाकरी ही तिची सगळ्यात अवघड टेस्ट केस!

तोडगा मात्र आपल्या ताटात जुनाच आहे: भाकरी तुरीच्या वरणात कुस्करायची. लहान घास, दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं. सवय व्हायला काही आठवडे जातात. तेवढ्यात कंटाळून कवळी डबीत गेली की जेवण कमी होतं आणि माणूस खंगतो. तेव्हा मंडळी, आजोबा "भूक नाही" म्हणाले, तर आधी विचारा, कवळी टोचतेय का? टोचणारी जागा डॉक्टर घासून देतात.